वाचकांचे प्रश्न : कोरियाच्या मठातलं रोजचं जगणं

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या आणि गेली बरीच वर्षं दक्षिण कोरियातल्या भिक्खुनींच्या मठात राहणाऱ्या आर्याजी उन्हाळी वर्षावास (एका जागी राहून करायची तीन महिन्यांची साधना) संपवून काही आठवडे गावी आल्या होत्या. मागच्या अंकात आम्ही त्यांच्यासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आणि आर्याजींनी लिहून दिलेली उत्तरं इथे देत आहोत. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे; ‘आर्याजी’ हे भिक्खुनीसाठीचं आदराचं संबोधन आहे.

आर्याजी, वंदामि. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा दिवस कसा जातो? रोज किती तास ध्यान करता?
— एक विद्यार्थिनी, वसमत

बाळा, दिवस पहाटे तीनला सुरू होतो. सगळ्यांना उठवायची जिची पाळी असेल ती भिक्खुनी त्याआधीच उठलेली असते. मोक्ताक नावाचं पोकळ लाकडी वाद्य ठोकत आणि सूत्र म्हणत ती सगळ्या आवाराला फेरी मारते. पहिले ठोके अगदी बारीक असतात, मग हळूहळू मोठे होत जातात. कुठलाही जीव दचकून जागा होऊ नये, असा त्यामागचा विचार. त्यानंतर चार वाद्यं वाजतात. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी मोठा ढोल, पाण्यातल्या जिवांसाठी लाकडी मासा, पाखरांसाठी ढगाच्या आकाराची धातूची थाळी आणि उरलेल्या सगळ्यांसाठी घंटा. घंटेचे पहाटे २८ ठोके आणि संध्याकाळी ३३. ही घंटा आतून लोलक हलवून वाजत नाही, दोरांनी आडवा टांगलेला ओंडका झोका देऊन तिच्यावर बाहेरून आदळतात. त्याचा घुमारा मला अजूनही छातीत जाणवतो.

मग मुख्य सभागृहात वंदना. हृदयसूत्र हे महायान परंपरेतलं छोटं सूत्र रोज म्हटलं जातं, तेही जुन्या चिनी शब्दांच्या कोरियन उच्चारात, त्यामुळे पाली त्रिशरण-पंचशील ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला त्यात ओळखीचं काही सापडत नाही. सहाच्या सुमाराला न्याहारी, अकरा-साडेअकराला जेवण, रात्री नऊला दिवे बंद.

ध्यानाचं विचारलंस. ध्यानगृहात बसणाऱ्या भिक्खुनी वर्षातून दोनदा, तीन-तीन महिने, बाहेरचं सगळं सोडून बसतात. आपल्याकडे वर्षावास पावसाळ्यातला. तिथे एक उन्हाळी आणि एक हिवाळी. पन्नास मिनिटं बसायचं, दहा मिनिटं चालायचं, असे दिवसाचे आठ-दहा तास, काही ठिकाणी त्याहून जास्त. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात आठव्या दिवशी बुद्धांच्या संबोधीचा दिवस पाळतात, आणि त्याआधीच्या आठवड्यात अनेक ध्यानगृहांत कुणी अंथरुणाला पाठ टेकत नाही.

पण तू नवी गेलीस तर हे तुझ्या वाट्याला लगेच येणार नाही. तुला मिळेल स्वयंपाकघर. उमेदवारीच्या काळात, म्हणजे साधारण पहिले सहा महिने, वेगळ्या रंगाचा साधा पोशाख असतो आणि तांदूळ धुणं, भाज्या निवडणं, भांडी, झाडलोट, सरपण, पाठांतर यातच दिवस जातो. मुलींना पत्रातून वाटतं तसं शांत बसायला तिथे कुणी नेत नाही. मला कोरियन भाषेतलं वाक्य जोडता येत नव्हतं, तेव्हाही मुळे सोलता येत होते, आणि शेजारी बसून मुळे सोलणाऱ्या बाईनंच मला सगळ्यात आधी आपलं मानलं. माझं सगळं म्हणणं यातच आलं, म्हणून इथेच सांगून ठेवते. परक्या मठात भाषा उशिरा येते, धर्मग्रंथ त्याहून उशिरा कळतात, हात मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लावता येतात. ज्यांनी ते केलं त्या टिकल्या. ज्या अर्थ कळायची वाट बघत बसल्या, त्या बहुतेक परत गेल्या.

सामूहिक कामाला तिथे उल्ल्योक म्हणतात. सूचना झाली की मठप्रमुखापासून कालच आलेल्या मुलीपर्यंत सगळ्या विळे-टोपल्या घेऊन बाहेर पडतात. आजारी सोडली तर कुणाला सूट नाही.

आर्याजी, तिथे खायला काय मिळतं? भाकरीशिवाय राहवतं का? आणि भिक्खू लोक रात्री जेवतात असं ऐकलं, ते खरं का?
— एक शेतकरी, औसा

दादा, भाकरीशिवाय राहवतं, ठेच्याशिवाय राहणं अवघड गेलं. मिरचीच्या नव्हे, लसणाच्या. कोरियन माणूस एरवी आपल्याइतकाच लसूण खातो, पण मठाच्या स्वयंपाकात पाच उग्र वस्तू वर्ज्य आहेत. लसूण, पातीचा कांदा, त्याच जातीच्या आणखी दोन पाती, आणि पाचवा, तुम्हाला नवल वाटेल, हिंग. कोरियात हिंग होत नाही, सामान्य घरात तो कुणी पाहिलेलाही नसतो, तरी जुन्या ग्रंथातून ती यादी चीनमार्गे तिथे पोचली आणि पाठ झाली. मी पहिल्यांदा गावाहून जाताना आईनं दिलेल्या येसराच्या पुडीत हिंग होता. ती पुडी मी स्वयंपाकघराच्या प्रमुख भिक्खुनींना दाखवली, तेव्हा बाकीच्या जणी वास घ्यायला गोळा झाल्या. ज्याचं नाव पाठ म्हणत आलो तो हाच का, म्हणून एकेकीनं हुंगून पाहिलं. वापरला मात्र नाही.

मांस, मासे, अंडी नाहीत. भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं सार, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, समुद्रातलं शेवाळ, आणि उकडून तिळाच्या तेलात कालवलेल्या पालेभाज्या. आपल्या मराठवाड्यात सोयाबीन एवढं पिकतं आणि जवळजवळ सगळं मोंढ्यावर जातं, घरात येत नाही. तिथे सोयाबीन शिजवून कुटतात, त्याच्या विटा करून टांगतात, मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. मुरवणीच्या मातीच्या बरण्यांचा ओटा मठाच्या मागे उन्हात असतो, आणि ऊन-पाऊस पाहून झाकणं उघडायची-मिटायची जबाबदारी एकीवर सोपवलेली असते. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडे कुणीतरी हे करून पाहावं असं मला फार वाटतं.

खुरपताना मला घोळ दिसली, तांदुळजा दिसला. आपल्याकडे आता गरिबाची भाजी म्हणून या दोन्हींना कुणी विचारत नाही. तिथे त्या बाजूला काढून ठेवतात आणि दुपारी पानात येतात.

खास दिवशी आणि वर्षावासात जेवण चार वाडग्यांत असतं. एकात एक बसणारे चार वाडगे, प्रत्येकीचे स्वतःचे. भात, सार, भाज्या आणि पाणी. बांबूची पट्टी वाजली की सुरुवात, पुन्हा वाजली की शेवट, मध्ये एक शब्द नाही. शेवटी भाताच्या खरवडीचं गरम पाणी येतं. मुळ्याच्या किंवा किमचीच्या (तिखट-मिठात मुरवलेल्या कोबीच्या) एका फोडीनं वाडगे त्या पाण्यात पुसायचे, फोड खायची आणि ते पाणी प्यायचं. मग चौथ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यानं पुन्हा धुवायचं. ते पाणी गोळा करतात तेव्हा त्यात शीत तरंगता कामा नये. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी किमची घालतात. अंगणात कोबीचे शेकडो गड्डे, रात्रभर मिठात, सकाळी धुऊन पानापानात तिखट भरायचं. गावातल्या बायाही मदतीला येतात. उन्हाळ्यात आपल्याकडे गल्लीतल्या बाया एकीच्या गच्चीवर कुरडया घालायला जमतात, तसाच तो दिवस. लसूण आणि माशाचं खारवण मात्र मठाच्या किमचीत नसतं.

रात्रीच्या जेवणाचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. पाच-साडेपाचला हलकं जेवतात आणि त्याला औषध मानतात. भिक्षाटन नाही, शेत स्वतः कसायचं, डोंगरात रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली. तिथल्या हवेत हा नियम असाच वळला. आपल्याकडच्या भन्तेंनी दुपारनंतर न खाणं मला योग्यच वाटतं, आणि तिथे मी संध्याकाळी जेवते.

पगार मिळतो का? घरी पैसे पाठवता येतात का?
— बीडहून एक तरुण

नाही. अन्न, वस्त्र, निवारा मठाचा. उपासक थोडंफार दान हातात देतात, ते प्रवासाला आणि औषधाला पुरतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर कोरियात जायचे दुसरे रीतसर मार्ग आहेत. मठाच्या व्हिसावर जाऊन बाहेर नोकरी केली तर तो गुन्हा ठरतो, आणि तुमच्यामागून येणाऱ्या भारतीयाचा रस्ता बंद होतो.

सविनय जय भीम. कोरियातल्या बौद्ध मंदिरांत डोंगराच्या देवाची पूजा होते, मृतांसाठी विधी होतात, परीक्षेसाठी नवस बोलतात, असं वाचलं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलगी तिथे कशी राहते?
— एक निवृत्त शिक्षक, नांदेड

सर, जय भीम. हा प्रश्न मला माझ्या वडिलांनीही विचारला होता.

तुम्ही वाचलं ते खरं आहे. मुख्य सभागृहाच्या मागे, चढावर, एक छोटी खोली असते. तिच्यातल्या चित्रात पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि शेजारी वाघ. तो डोंगराचा देव. काही ठिकाणी सप्तर्षींचीही खोली असते. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते, तिच्याआधी आया शंभर-शंभर दिवस प्रार्थनेला येतात. माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी विधी होतो.

हे तिथे कुठून आलं ते समजून घेतलं तेव्हा माझा राग निवळला. जोसन राजवट १३९२ ते १९१० अशी पाच शतकांहून जास्त चालली. ती कन्फ्यूशियस या चिनी तत्त्वज्ञाच्या विचाराची. तिनं शहरांतली विहारं मोडली, भिक्खूंना समाजातल्या सगळ्यात हलक्या गणलेल्या लोकांत ढकललं आणि राजधानीच्या वेशीच्या आत यायला बंदी केली. ती बंदी १८९५ साली उठली. सर, वेशीबाहेर ठेवलं जाणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. डोंगरात रेटलेला धम्म तिथल्या शेतकऱ्यांच्या, बायाबापड्यांच्या आधारानं तगला, आणि त्यांची दैवतंही मठाच्या आवारात आली.

समजलं म्हणून मी ते स्वीकारलं असं नाही. माझ्या दीक्षागुरूंना मी सुरुवातीलाच सांगितलं की आमच्या माणसांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात शपथ घेतली आहे, श्राद्ध-पिंडदान न करण्याची आणि देवदेवता न मानण्याची, आणि त्या शपथेनंच आम्हाला माणूस केलं. त्यांनी बाबासाहेबांविषयी बराच वेळ विचारलं. त्या खोलीत वंदनेची पाळी मला आजवर लागलेली नाही. तिच्या पायऱ्या झाडायची पाळी लागते, ती मी आनंदानं करते.

एकोणपन्नासाव्या दिवशी मी इतरांबरोबर सूत्र म्हणते. रडणारं कुटुंब समोर बसलेलं असतं आणि सूत्रात अनित्यतेबद्दल सांगितलेलं असतं. मांडलेलं अन्न मेलेल्याला पोचतं, असं मात्र मी कुणाला सांगत नाही, आणि सांगायला मला कुणी लावलंही नाही. यात ओढाताण आहे, ती मी लपवत नाही. जी मुलगी ही ओढाताण सोसू शकणार नाही तिनं तिथे जाऊ नये, आणि तिथे गेलेल्या मुलीनं शपथ गावी ठेवून जाऊ नये.

आर्याजी, तुम्ही अजिंठ्याच्या प्रदेशातून आलात याचं तिथल्या लोकांना काही वाटतं का?
— एक वाचक, कन्नड

फार वाटतं. बुद्धाच्या देशातून आली म्हणून म्हाताऱ्या उपासिका माझे हात धरतात. मग विचारतात, भारतात आता बौद्ध उरले नाहीत ना? त्यावर मी १९५६ पासून सुरू होते आणि गावागावातल्या निळ्या झेंड्यापर्यंत येते.

ग्योंगजू शहराजवळ सोक्कुराम नावाचं लेणं आहे, आठव्या शतकातलं. तिथला दगड कठीण ग्रॅनाइटचा. म्हणून त्यांनी डोंगर कोरला नाही. चिरे घडवून घुमट रचला, वर माती टाकली आणि आत बुद्धमूर्ती बसवली. म्हणजे लेण्याची ओढ एवढी की लेणं बांधून काढलं. एकदा काही भिक्खुनींना घेऊन मी अजिंठ्याला आले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर त्या बसल्या त्या उठेनात. तुम्ही तर जवळ राहता. मुलांना घेऊन वर्षातून एकदा तरी जा.

तिथे जात विचारतात का? आणि परदेशी म्हणून वेगळं वागवतात का? स्पष्ट सांगा.
— एक उपासिका, जालना

ताई, जात विचारत नाहीत. विचारतात की दीक्षा कधी घेतली. रांगेत उभं राहायचा क्रम, बसायचा क्रम, ताट वाढायचा क्रम त्यावरच ठरतो. माझ्याहून वयानं बरीच लहान मुलगी माझ्याआधी दीक्षित झाली असेल तर ती पुढे, आणि मी तिला वाकून नमस्कार करायचा. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा आपल्या भागात वस्त्या जळाल्या, माझ्या आईनं तो काळ अंगावर काढला. अशा घरातली मी. कुणाचा बाप कोण हे न विचारता लावलेल्या त्या रांगेत पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मला आई तिथे असायला हवी होती.

परकेपण आहे. ते मठात कमी आणि बाहेर जास्त. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. एका कार्यालयात माझ्याच कागदांबद्दल माझ्याशी न बोलता सोबतच्या कोरियन भिक्खुनीशी बोलले, मी कोरियनमध्ये उत्तरं देत होते तरी. मठात अडचण निराळी असते. सगळ्या गोष्टी सगळ्यांसमोर. आठ-दहा जणी एका खोलीत, गरम जमिनीवर पातळ गादी टाकून झोपतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आधी एकमेकींचं मुंडण करतात आणि मग अंघोळ. अंघोळही सगळ्यांची एकत्र, अंगावर काहीही न ठेवता, आणि एकीनं दुसरीची पाठ घासायची. आपल्याकडच्या बाईला याची कल्पनाही करवत नाही. मला सवय व्हायला वेळ लागला. आता पाठ घासून घेतल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. तिथे माणसाची ओळख दीक्षागुरूवरून होते. गुरू आयुष्यभर तुमची आई असते, आजारपणापासून कागदपत्रांपर्यंत. ज्या परदेशी मुली गुरू नीट न निवडता घाईनं मुंडण करून घेतात, त्यांचे हाल होतात.

आर्याजी, माझी मुलगी २४ वर्षांची आहे. मोबाइलवर मालिका बघत कोरियन भाषा शिकली. आता म्हणते, लग्न करायचं नाही, मला तिथल्या मठात जायचंय. घरात रोज वाद. मी काय करू?
— एक आई, गंगाखेड

ताई, आधी तिला एक विचारा, आणि विचारताना रडू नका. लग्नाची बोलणी थांबली तरी तुला जायचं आहे का? नाही म्हणाली तर बोलणी थांबवा. लग्न नको म्हणायला कुठल्याही मुलीला मठाची आड घ्यावी लागू नये. हो म्हणाली तर पुढचं वाचा.

ती ज्या जागी जाऊ पाहते ती जागा बाईसाठी मानाची आहे. जोग्ये हा तिथला सगळ्यात मोठा संप्रदाय. त्यातले जवळपास अर्धे दीक्षित म्हणजे भिक्खुनी आहेत. त्यांना उपसंपदा, म्हणजे भिक्खुनीची पूर्ण दीक्षा आहे, स्वतःचे मठ आहेत, विद्यालयं आहेत. उन्मुन्सा इथलं भिक्खुनी विद्यालय तर देशभर नावाजलेलं. सगळं समान आहे असं समजू नका. संप्रदायाच्या ८१ जणांच्या मध्यवर्ती सभेत भिक्खुनींच्या जागा फक्त दहा आहेत, आणि यावर तिथल्या भिक्खुनी बोलत आल्या आहेत. तरी आपल्याकडे भिक्खुनीला साधी खोली मिळायची मारामार असते, हे मी या सुट्टीतही पाहिलं आणि मला त्याचं फार दुःख आहे.

तिला सरळ दीक्षेला पाठवू नका. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कोरियातल्या मंदिरांनी पाहुण्यांना मुक्कामाला ठेवायची योजना सुरू केली, ती आजही चालू आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन तिनं दोन-तीन वेगवेगळ्या मंदिरांत राहावं, त्यातला एक मुक्काम थंडीत. परत यावं. काही महिने घरी राहावं. तरीही ओढ राहिली तर मग पत्रव्यवहार. दीक्षेसाठी बारावीपर्यंतचं शिक्षण, अविवाहित असणं, कर्ज किंवा गुन्हा नसणं, एवढं बघतात, आणि राहण्यासाठी धार्मिक कामाचा डी-सिक्स व्हिसा लागतो, तो मठाच्या निमंत्रणावर मिळतो. उमेदवारीनंतर श्रामणेरी (नवशिक्या भिक्खुनीची) दीक्षा, त्यानंतर चार वर्षं शिक्षण, मग उपसंपदा. या काळात कधीही परत येता येतं, आणि आली तर दार उघडं ठेवा.

मालिकेतली भाषा मठात पुरत नाही. वडीलधाऱ्यांशी बोलायची आदराची रूपं तिला वेगळी शिकावी लागतील. तुम्हाला भीती तिच्या एकटेपणाची असेल. एकटेपणा तिथे मिळत नाही, उलट पहिल्या वर्षी तिला एकटं बसायला कोपरा सापडणार नाही.

आणि जायच्या आधी परभणीला नेऊन तिचे दात, डोळे, थायरॉइड, रक्तातलं लोह तपासून घ्या. परदेशी माणसाला तिथला सरकारी आरोग्यविमा साधारण सहा महिने राहिल्यावर लागू होतो. तोवर एक दाढ काढायची म्हटलं तरी खर्च तुमच्या आवाक्याबाहेर जाईल. लोकरीचे मोजे इथून नेऊ नका, तिथे चांगले मिळतात.